अकराव्या दालनाचं दार

अठरा वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला लोक संशयी म्हणतात. म्हणू देत. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यातून अठरा वर्षांत एक वायसरसुद्धा माझ्या नजरेतून सुटून बाहेर गेला नाही. संध्याकाळी घरी निघणाऱ्या प्रत्येकाचा डबा मी उघडून बघायचो, आणि ज्याला त्याचा राग यायचा त्याचा दोनदा बघायचो. मी दामाजी नाखवा, राहणार चेंदणी कोळीवाडा. बापाने जन्मभर खाडीत होडी घातली, मी व्हॉल्व्हच्या कारखान्यात कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावला.

पंचाण्णव साली काळुरामशेठ थकले आणि कारभार त्यांच्या मुलाकडे, सहदेवशेठकडे आला. त्याने वरच्या मजल्यावरची पॅकिंगची खोली रिकामी केली, तिथे एसी बसवला, चार कॉम्प्युटर आणले आणि जाहीर केलं की आता आपण खेळ बनवायचा. सीडीवरचा खेळ. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. पण पगार देणाऱ्याला तसं तोंडावर सांगता येत नाही.

खेळ असा होता. अंतराळात कुठेतरी एक ओसाड स्टेशन आहे. तिथली माणसं नाहीशी झालीत. आपण आत शिरायचं, खुणा शोधत चौदा दालनं पार करायची आणि माणसं कुठे गेली ते हुडकायचं. चित्रं जागच्या जागी थांबलेली, फक्त दारं हलायची, आणि मधूनच एक घोगरा आवाज इंग्रजीत धमकी द्यायचा. तो आवाज सहदेवशेठचाच, रिकाम्या पिंपात तोंड घालून काढलेला. चित्रं डोंबिवलीचा पंढरी नावाचा पोरगा करायचा. तो आमच्याच पाइपांचे, आमच्याच बॉयलरचे फोटो काढून त्यांना रंग द्यायचा. माझ्या स्टोअरमधला चार इंची व्हॉल्व्ह अंतराळात लटकलेला मी पडद्यावर पाहिला तेव्हा आधी खाली जाऊन रॅक तपासला. व्हॉल्व्ह जागेवर होता.

आणि हे सगळं चालतं ठेवणारी होती शालन. शहाडहून यायची. वय चोवीस-पंचवीस, बोलणं कमी, काम खूप. कुठलं बटण दाबल्यावर कुठलं दार उघडायचं ते सगळं तिच्या डोक्यातून निघालेलं. तिचं आडनाव, गाव, घर मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. का विचारलं ते सांगायला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. ती बौद्धांची आहे हे कळल्यावर मी मनात एक वेगळा कप्पा केला आणि तिला त्यात ठेवलं. ती मला काका म्हणायची. तेही मला जरा जास्तच गोड वाटायचं.

खेळ तयार झाला. त्या काळी सीडी लिहायचं मशीन मिळणं म्हणजे मोठी गोष्ट होती. सहदेवशेठने ते अंधेरीहून दोन दिवसांसाठी भाड्याने आणलं. कोऱ्या सीड्या दोनच. पहिली लिहिली जात असताना खाली पॉवर प्रेस सुरू झाला, वरचे दिवे मिणमिणले आणि ती फुकट गेली. दुसरीच्या वेळी शालनने खालची सगळी मशीनं बंद करायला लावली. सव्वा तास कोणी जिन्यावर पाऊल टाकलं नाही. शनिवारी संध्याकाळी सीडी बाहेर आली, सोनेरी रंगाची. शालनने खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बघितला. चौदाही दारं उघडली. पंढरीने शिट्टी वाजवली, आणि खरं सांगतो, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

ती सीडी उघडी ठेवायची नसे. एका चपट्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून डबीसकट मशीनमध्ये सरकवायची. वरच्या पारदर्शक झाकणातून सीडीवर पेनाने लिहिलेलं नाव दिसायचं, खालची बाजू पूर्ण झाकलेली. शालनने सगळ्यांना बजावलं, "डबी कोणी उघडायची नाही हां. बोटाचा तेलकटपणा लागला तरी खेळ अडकेल." भाड्याचं मशीन त्याच रात्री परत गेलं, दिवाळीपर्यंत ते पुन्हा मिळणार नव्हतं. म्हणजे ती एकच सीडी. पुढच्या शनिवारी दिल्लीहून एक व्यापारी येणार होता. त्याला कॉम्प्युटरच्या पोटातलं काही नको होतं, सीडीवरचा खेळ चालताना बघायचा होता. खेळ चालला तर वरचा मजला चालणार, नाहीतर तिथे पुन्हा खोके भरायचे.

सीडी माझ्या लोखंडी कपाटात ठेवली. तेव्हा सहदेवशेठने एक गोष्ट केली जी मला काट्यासारखी रुतली. कपाटाची दुसरी किल्ली त्याने शालनला दिली. अठरा वर्षं त्या कपाटाची एकच किल्ली वापरात होती आणि ती माझ्या कमरेला होती. घरी जाऊन बायकोवर उगीचच खेकसलो.

मंगळवारी दसरा. शालन रविवारीच आईला घेऊन नागपूरला जाणार होती, दीक्षाभूमीला. तिने रजा महिनाभर आधी मागितली होती. दसऱ्याला सकाळी आम्ही कारखान्यात पूजा केली. पूजा कायम माझ्याकडे. लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान, आणि दारात नारळ. मग वरच्या मजल्यावर गेलो. एकही वस्तू सोडली नाही. पेढे वाटले, सगळे घरी गेले.

बुधवारी सहदेवशेठने सीडी लावली. एक ते दहा दालनं झोकात पार झाली. अकराव्या दालनाचं दार सरकायला लागलं, अर्ध्यावर आलं आणि थांबलं. पडदा गोठला. नुसता घूं घूं आवाज. सहदेवशेठने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. पुन्हा अकरावं दालन, पुन्हा अर्धं दार. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"शनिवारी तर चाललेली," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितलेली. मग मधल्या मधे झालं काय?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, ती तिथे आधीपासूनच बसली होती. मी म्हणालो, "शेठ, किल्ल्या दोन. एक माझ्याकडे."

त्याने माझ्याकडे बघितलं. "काका, तिनेच तर बनवलंय ते. ती कशाला बिघडवेल?"

"बनवणाऱ्यालाच माहीत असतं कुठे बिघडवायचं. अकराव्याच दालनात का? पहिल्यात का नाही? एव्हाना दुसऱ्या कोणाला विकला असेल खेळ. आता तुम्ही पडाल तिच्या पाया, दुरुस्त कर म्हणून, मग ती मागेल ते द्या."

हे सगळं मला त्याच क्षणी सुचलं, आणि बोलता बोलता मलाच ते खरं वाटायला लागलं. मी गेटवर गेलो, येण्याजाण्याचं रजिस्टर मागितलं. रविवारच्या पानावर एकच नोंद होती. शालन. आत नऊ दहा, बाहेर साडेनऊ. सुट्टीच्या दिवशी. ते पान मी सहदेवशेठच्या पुढे ठेवलं तेव्हा छाती फुगली होती माझी. चोर पकडल्याचा तो आनंद मी ओळखतो. अठरा वर्षांत तीनदा झाला होता.

गुरुवारी शालन आली. हातात एक पुडा होता, तो तिने टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काय झालं? सगळे असे का बघताय?"

सहदेवशेठने तिला अर्धं दार दाखवलं. मग रजिस्टरचं पान दाखवलं. "रविवारी कशाला आलेलीस?"

"मशीन झाकायला आलेले," ती म्हणाली. "पूजेचं पाणीबिणी उडेल म्हणून चारही मशीनवर प्लॅस्टिक घातलं. चिठ्ठीपण ठेवलेली काकांसाठी."

सहदेवशेठ माझ्याकडे वळला. "चिठ्ठी होती?"

"मला नाही दिसली," मी म्हणालो.

हे खोटं होतं. चिठ्ठी मला दिसली होती, मी ती वाचली होती. 'काका, पूजा प्लॅस्टिकवरूनच करा. मशीनला आणि सीडीला कुंकू, पाणी लागू देऊ नका. शालन.' ती वाचली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. जिला देवच नाही ती मला पूजा शिकवणार? मी चिठ्ठी खिशात कोंबली, चारही प्लॅस्टिकं ओढून काढली आणि सगळी पूजा यथासांग केली. मशीनं चारही नीट चालू होती, त्यामुळे त्यात काही वाईट झालं असं मला वाटलंच नव्हतं. पण तिचं ऐकलं नाही हे शेठसमोर कबूल करायचं? एवढ्याशा पोरीसमोर?

शालनने माझ्याकडे बघितलं. मग सहदेवशेठला म्हणाली, "डबी उघडूया. सीडीवर काही लागलंय का बघूया."

"डबी उघडायची नाही हे तूच सांगितलंस ना?" मी म्हणालो. "आता उघडून काय करायचंय? उरलीसुरली पुसून टाकायची?"

तिचा चेहरा पडला. सहदेवशेठ चांगला माणूस, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस जुन्या माणसाचं ऐकतो. म्हणाला, शनिवारी सकाळी अंधेरीचा मशीनवाला माणूस येईल, तोच डबी उघडेल. तोवर शालनने येऊ नये. आणि त्याने किल्ली मागितली.

तिने पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "माझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून मी रात्रभर जागून शोधलं असतं, शेठ," ती म्हणाली. "पण तुम्ही चूक शोधतच नाही आहात." पुडा तसाच उचलून ती निघाली. जिन्यात मी तिची पर्स तपासायला मागितली, नेहमीसारखी. तिने ती उघडून धरली. आत एक पाण्याची बाटली आणि एक कंगवा.

शुक्रवारी सकाळी बायको धुणं भिजवत होती. सगुणा तिचं नाव. तिने माझा दसऱ्याचा शर्ट झटकला आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढला. तिला वाचता येत नाही. कागद उलटासुलटा करून म्हणाली, "यो कागुद कामाचा हाय काय? कुंकवाचा आंगठा लागलाय नुसता."

मी कागद घेतला. चिठ्ठीच्या कोपऱ्यावर माझा अंगठा उमटला होता, लालभडक, एकेक रेघ दिसत होती. मी तो बघत राहिलो. मग मला आणखी एक अंगठा आठवला.

होडीची पूजा बापाने मला शिकवली. तो सांगायचा, होडीवर जिथे नाव लिहिलंय तिथे कुंकू लावायचं नाही, अक्षर झाकतं. अक्षर म्हणजे सरस्वती. कुंकू लावायचं ते कोऱ्या फळीवर. दसऱ्याला मी कपाट उघडलं, डबी काढली. पूजेला कसली मनाई, म्हणून झाकणही उघडलं. सीडीवर पेनाने खेळाचं नाव लिहिलेलं. अक्षरावर कसं लावणार? म्हणून मी सीडी उलटी केली. मागची बाजू कोरी, आरशासारखी लखलखीत. जे काय आहे ते लिहिलेल्या बाजूला असणार अशी माझी खात्री, म्हणून खेळ अडकल्यावरही ते माझ्या मनात आलं नव्हतं. त्या कोऱ्या बाजूला अंगठ्याने ओलं कुंकू लावलं, बाजूला हळदीचं बोट. हात जोडले, सीडी सुलटी करून डबीत घातली, कुलूप लावलं.

"काय झालां?" सगुणाने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. ती धुणं सोडून उठली. "तू डोल्यांनी बघलंस काय त्या पोरीला काय करताना? नाय ना? मंग कशाला बोललास? मानसाच्या पोटाव पाय दिलास तू." माझा शर्ट बाजूला टाकून ती बाकीचं धुणं घेऊन बसली.

कारखान्यात जाऊन मी कपाट उघडलं आणि डबी उघडली. सीडीच्या पाठीवर माझा अंगठा वाळून बसला होता. मी नख लावून बघणार होतो, पण हात थांबला. ओरखडा उठला तर? हे कसं काढायचं ते मला माहीत नव्हतं. जिला माहीत होतं तिला मी घालवलं होतं. अंधेरीचा माणूस उद्या डबी उघडणार, आणि त्यालाही तो अंगठा दिसणार, हेही मला कळत होतं. नुसतं पुसून गप्प बसायचा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. चांगला तासभर माझ्या शेजारी बसून होता.

चार वाजता मी डबी जेवणाच्या पिशवीत घातली आणि गेटमधून बाहेर पडलो. माझी पिशवी कोणी तपासत नाही.

शहाडला तिचं घर विचारत विचारत गेलो. दार तिच्या आईने उघडलं, केशरबाई. मी नाव सांगितलं तसा तिचा चेहरा बदलला, पण ती म्हणाली, "आत या. बसा. पाणी घ्या." कोपऱ्यातल्या स्टुलावर गुरुवारचा तो पुडा होता, सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. केशरबाईंनी तो उघडून माझ्यासमोर धरला. "संत्रा बर्फी. नागपूरवरनं ऑफिससाठी आणलेली पोरीनं. राहिली तशीच." मी एक वडी घेतली. ती पूर्ण खाल्ली.

शालन आतून आली. मी आधी चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली, मग डबी. काही समजावून सांगावं लागलं नाही. तिने डबी उघडली, सीडी उलटी केली, अंगठा बघितला.

"ही बाजूच वाचतं मशीन," ती म्हणाली. "अक्षरांच्या बाजूला काही नसतं."

"मला माहीत नव्हतं गं."

"म्हणून तर चिठ्ठी लिहिलेली."

मोरीतल्या नळाखाली तिने सीडी धरली, साबणाचं एक बोट लावलं. मग आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन मधून कडेकडे, मधून कडेकडे, हलक्या हाताने पुसलं. लाल पाणी मोरीतून वाहून गेलं. दिव्याखाली सीडी तिरपी धरून तिने चारही बाजूंनी बघितली, डबीत घातली आणि माझ्या हातात दिली.

"चालेल उद्या."

"तू ये ना उद्या," मी म्हणालो. "मी चुकलो, पोरी. पाया पडतो तुझ्या."

"पाया नका पडू. मला शेठने काढलंय, तुम्ही नाही. शेठला सांगा," ती म्हणाली. चिठ्ठी तिने घडी घालून मला परत दिली. "ही दाखवून सांगा."

शनिवारी सकाळी अंधेरीचा माणूस येण्याआधी मी सहदेवशेठच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, अंगठ्याचा कोपरा त्याच्याकडे करून. पंढरीही तिथेच उभा होता. मी एका दमात सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही. सहदेवशेठने चिठ्ठी उचलून वाचली. "काका, तुम्ही?" एवढंच म्हणाला. अठरा वर्षांत मी पकडलेल्या तिघांनाही त्याच्या बापाने एवढंच विचारलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

त्याने सीडी लावली. अकराव्या दालनाचं दार पूर्ण उघडलं. दुपारी दिल्लीचा माणूस आला, पिंपातला आवाज ऐकून दचकला, आणि जाताना दिवाळीआधी कराराचे कागद पाठवतो म्हणाला. सहदेवशेठने शालनच्या शेजाऱ्यांकडे फोन करून तिला सोमवारी बोलावलं. फोनवर त्याने तिची माफी मागितली, मी ऐकली.

सोमवारी ती आली. मी कपाटाची दुसरी किल्ली तिच्यापुढे धरली.

तिने ती घेतली नाही. "तुमच्याकडेच ठेवा, नाखवासाहेब," ती म्हणाली. "मला काही हवं असेल तर तुम्हीच काढून द्या. आणि मी आत काम करत असेन तेव्हा दारात उभे राहत जा. म्हणजे पुन्हा प्रश्न नको."

तिने काका म्हणणं सोडलं ते कायमचं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं, मला रागाची सवय आहे. ती वर्षभर तिथे होती, आणि वर्षभर तिला सीडी हवी असली की मी कपाट उघडायचो, डबी द्यायचो आणि दारात उभा राहायचो. ती काम करायची. मी तिच्या पाठीकडे बघत राहायचो. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा आईला घेऊन नागपूरला गेली. मी हळदकुंकवाचं ताट घेऊन वर गेलो तेव्हा चारही मशीनं प्लॅस्टिकने नीट झाकलेली होती. मी ताट खाली ठेवलं. एकेक प्लॅस्टिक उचलून खाली बघितलं, कीबोर्डच्या खाली, खुर्चीवर, कपाटाच्या फटीतसुद्धा बघितलं. चिठ्ठी नव्हती. मग चारही प्लॅस्टिकं होती तशी घातली, आणि पूजा वरूनच केली.